एक वीत

1973 च्या हिवाळ्यात आम्ही हडर्सफिल्डला आलो. ह्यांना हॉस्पिटलात नोकरी होती आणि मला दिवसभर मोकळं घर. मी विलिंग्डन कॉलेजची फिजिक्सची बी.एस्सी., पण ते सर्टिफिकेट सांगलीहून येताना लोकरीच्या कपड्यांखाली तळाशी गेलं होतं आणि बरेच दिवस तिथंच राहिलं. शेजारचे गृहस्थ एम्ली मूरच्या टीव्ही टॉवरवर इंजिनिअर होते. तोंडावर त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे मिस्टर लावून आडनावानं हाक मारायची, पण घरात ते लवकरच टॉवरकाका झाले आणि त्यांच्या पत्नी ओघानंच काकू.

ओळख झाली ती आमच्या टीव्हीमुळे. सेकंडहँड सेट होता, प्रत्येक माणसामागे त्याचं एक फिकट भूत उभं राहायचं. सांगलीत मी टीव्ही पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे टीव्ही असाच दिसत असणार, अशी माझी समजूत. काकांनी ते चित्र खिडकीतून पाहिलं आणि त्यांना ते सहन झालं नाही. रविवारी शिडी लावून छपरावर चढले. त्या भागात सगळ्या टेकड्या. लाटा थेट येतात आणि टेकडीवर आपटूनही येतात, मागून आलेली लाट जरा उशिरा पोचते, तीच ती भुतं. त्यांनी ॲन्टेनाचं तोंड टॉवरकडे नीट फिरवलं, काड्या आडव्या बसवल्या आणि खाली उतरून हात न धुताच पडद्यासमोर बसले. तेव्हापासून रविवारी सकाळी बीबीसीचा ‘नई जिंदगी नया जीवन’ लागला की हिंदीतली गाणी स्वच्छ दिसायची. काकांना एक अक्षर कळत नसे, पण सिग्नल तपासण्याच्या निमित्तानं तेही येऊन बसत आणि माझ्या हातचा आलं घातलेला चहा पीत. हे ‘सिग्नल तपासणं’ पुढे वर्षानुवर्षं चाललं.

टॉवरबद्दल ते फारसं बोलत नसत, पण पडलेल्या मास्टबद्दल मात्र बोलत. आत्ताच्या काँक्रीटच्या टॉवरआधी तिथं तारांनी ताणून उभा केलेला 385 मीटर उंचीचा पोलादी नळकांड्याचा मास्ट होता. 19 मार्च 1969 ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो कोसळला. तारांवर बर्फ साचलेलं होतं, पण सगळा दोष त्या वजनाचाही नव्हता. मंद, एकसारख्या वाऱ्यानं मास्टच्या दोन्ही अंगांना आळीपाळीनं भोवरे सुटत होते आणि त्या लयीत तो डोलायला लागला होता. एक तार जवळच्या चर्चच्या छतावर पडून छत कापलं गेलं. माणूस मात्र एकही जखमी झाला नाही. काका त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते. हे ते प्रत्येक वेळी सांगत, आणि त्यात सुटका जास्त होती की चुटपूट, हे मला कधी ठरवता आलं नाही.

त्याच जागी नवा टॉवर उभा राहिला, 1971 साली सुरू झाला. एकूण उंची 330 मीटर, त्यातले पहिले 274 मीटर नुसतं काँक्रीट, बुडाशी रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं. एका उन्हाळ्यात काकांनी परवानगी काढून आम्हाला तो दाखवायला नेलं. हे, मी, काकू आणि काकांच्या ओळखीची दोन कुटुंबं. माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना, काकूंनी स्वतःचा रुमाल गुंडाळून ते कसंबसं टिकवलं. साडीवर हेल्मेट घातलेला माझा फोटो ह्यांनी काढला आणि सांगलीला पाठवला. आईचं उत्तर आलं, तिला वाटलं होतं मी खाणीत कामाला लागले.

आधी खालचा हॉल. माणसाएवढ्या क्लायस्ट्रॉन व्हॉल्व्हची कपाटं, अखंड घूं घूं आणि थंड करणाऱ्या यंत्रणेची ऊब. तोवर मी समजत होते की बीबीसी आणि आयटीव्ही म्हणजे एकमेकांचे हाडवैरी. घरोघरी कुठलं चॅनेल लावायचं यावरून भांडणं होत, वर्तमानपत्रं त्यांची झुंज लावत. इथं दोघंही एकाच छपराखाली. जागा आयटीव्हीच्या बाजूची, म्हणजे काकांच्या इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटीची, आणि बीबीसी भाडेकरू. दोघांचे सिग्नल तळाशी एकत्र येतात, त्याच केबलींतून वर चढतात, त्याच ॲन्टेनातून बाहेर पडतात. ॲन्टेनाचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग, दोन्ही भागांना वेगळी केबल. प्रत्येक चॅनेलला जोडीनं चालणारे दोन ट्रान्समीटर. एक दमला तर दुसरा रेटतो, चित्र जरा कमजोर होतं, पण जात नाही. बिघाड झालाच तर तो लोकांना कळू नये, यासाठीच सगळी मांडणी. ‘आमचं काम लोकांना दिसलं तर आम्ही नापास,’ असं काका म्हणाले. मला तेव्हा ह्यांच्या रात्रपाळ्या आठवल्या.

मग काकांनी सगळ्यांना एक प्रश्न घातला. वर ज्या ॲन्टेनातून निम्म्या यॉर्कशरला चित्र जातं, तिच्यातला एकेक दांडा केवढा असेल? कुणी म्हणालं वीस फूट. ह्यांनी दहा सांगितले. मी गप्प होते, कारण मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची सवय गेली होती. मघाशी एका कपाटावर वारंवारता वाचली होती, साडेसहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास. तीस कोटी भागिले पासष्ट कोटी, लाटेची लांबी शेचाळीस सेंटीमीटर, तिच्या निम्मा दांडा. इंग्रजी शब्द आठवेपर्यंत वेळ गेला, म्हणून मी पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर दाखवलं. एक वीत.

काका हसले नाहीत, वा म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘हे तुम्ही कुठे शिकलात?’ आणि मी सांगायला लागल्यावर बाकीच्या मंडळींना तसंच उभं ठेवून ऐकत राहिले.

लिफ्टनं वर जायला सात मिनिटं लागतात. लिफ्टमध्ये ते माझ्याशीच बोलत होते, ह्यांच्याशी नाही. वरच्या खोलीच्या खिडकीतून त्यांनी नैर्ऋत्येला होम मॉसचा मास्ट दाखवला. तो बीबीसीचा, 1951 पासून टेलिव्हिजन देणारा आणि 1956 पासून एफएम रेडिओही. आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवरच्या बातम्या तिथून यायच्या. एम्ली मूरवर स्वतःचा रेडिओ पुष्कळ पुढे आला, आधी डिजिटल की एफएम या क्रमावरून काका आणि मी नंतर वादही घातले. त्या दिवशी मात्र माझं लक्ष होम मॉसवर नव्हतं. मी मनात पुन्हा पुन्हा भागाकार करून पाहत होते.

पुढच्या आठवड्यात काकांनी पॉलिटेक्निकच्या संध्याकाळच्या वर्गांचं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं. सोबत त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणाच्या वह्या, पेन्सिलीनं भरलेल्या. ह्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मुलगा लहान होता. काकू म्हणाल्या, मुलाचं मी बघते. त्यांनी खरोखरच बघितलं, दोन हिवाळे, आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाही. वर्ग सुटायचा तेव्हा बाहेर काळोख आणि रस्त्यावर बर्फ. काकांची गाडी फाटकाशी उभी असायची. मला एका शाळेत फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथंच राहिले. दरवर्षी नव्या मुलांना दांड्याच्या लांबीचा प्रश्न घालायचे. सगळी मुलं वीस फूटच सांगायची.

परतफेडीचा विषय मी एकदा काढून पाहिला. काका म्हणाले, चहाचं बिल मी कुठे दिलंय. आमच्याकडे असल्या नात्याला गेल्या जन्मीचं देणं म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, मग गेल्या जन्मी तुम्ही मला फार मोठी रक्कम दिलेली दिसते.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. काकू नव्वदीपर्यंत पोचल्या. 2018 मध्ये एम्ली मूरला काँक्रीटच्या टॉवरशेजारी जवळजवळ तितकाच उंच दुसरा मास्ट उभा राहिला, हेलिकॉप्टरनं ॲन्टेनाचे भाग वर चढवले, तेव्हा काकूंचा फोन आला. खिडकीतून दोन दिसतात, हे काय चाललंय? मी सांगितलं, सातशे मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी रिकामा करायचाय, टॉवरच्या ॲन्टेना बदलायच्या आहेत, तोवर चित्र बंद पडू नये म्हणून हा तात्पुरता. काम संपलं की उतरवतील. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांनी ह्याला पाऊण तास घेतला असता, आणि माझं जेवण गार झालं असतं.