युजीन राइटचा माइक

आज ६ डिसेंबर. सकाळीच बाबासाहेबांचा फोटो टाकून अभिवादन केलं. मग डेव्ह ब्रुबेक लावला. त्याचाही जन्म ६ डिसेंबरचाच, १९२०, कॅलिफोर्नियातला.

जॅझ न ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. ब्रुबेक हा अमेरिकेतला गोरा पियानोवादक. १९५९च्या त्याच्या ‘टाइम आउट’ अल्बममधल्या पाच आणि नऊ मात्रांच्या धुना लोकांनी डोक्यावर घेतल्या. पण मला त्याची दुसरीच गोष्ट सांगायचीय.

१९५८. नॉर्थ कॅरोलिनातलं एक कॉलेज. हॉल भरलेला. ऐनवेळी कॉलेजवाले म्हणाले, तुमचा बास वाजवणारा युजीन राइट काळा आहे, तो स्टेजवर चालणार नाही. ब्रुबेक म्हणाला, मग आम्हीही वाजवत नाही. पोरं पाय आपटायला लागली. शेवटी परवानगी मिळाली, पण अट घातली की राइट मागेच राहील. कार्यक्रम रंगल्यावर ब्रुबेकनं राइटला सांगितलं, तुझा माइक बंद आहे, पुढं येऊन माझ्या माइकवर वाजव!

त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं याच चौघांना परदेश दौऱ्यावर पाठवलं. मुंबईत ब्रुबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबरही वाजवून गेला. बाहेर देशाची शान, घरी मात्र १९६०मध्ये दक्षिणेतल्या कॉलेजांनी पुन्हा तेच सांगितलं, गोरा बासवाला आणा. ब्रुबेकनं नकार दिला आणि दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गमावले.

आता माझं. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. एका गावात जत्रेची सुपारी होती. जेवायच्या वेळी आमच्या ढोलकीवाल्याला आडनाव विचारलं आणि त्याचं ताट बाहेर पडवीत मांडलं. आम्ही बाकीचे आत बसलो. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. पैसे रात्री मिळायचे होते ना! तो मुकाट्यानं जेवला आणि रात्री सगळ्यांत भारी वाजवला.

ब्रुबेकनं जवळजवळ सगळा दौरा सोडला. मला एक जेवण सोडता आलं नाही.

आज हिंमत करून त्याला फोन केला, माफी मागितली. जरा थांबून तो म्हणाला, “दादा, तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं.”

खरंय त्याचं. फोटो काय, कुणीही टाकतं.