पान किती तास ओलं होतं?

आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या परिषदांना मी नियमाने जातो. नवी मशिनं बघायला मिळतात, ओळखी होतात, जेवण चांगलं असतं. पण व्यासपीठावरून कुणीही रिजेक्शनचा खरा आकडा सांगत नाही. प्रत्येकाची स्लाइड चकचकीत. मग ग्राहकाकडून परत येणारे टेम्पो कुणाचे असतात, कोण जाणे.

तासगावचे आमचे दाजी द्राक्ष बागायतदार. पुण्यात राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं चर्चासत्र भरतं, ते दाजी चुकवत नाहीत. एकदा म्हणाले, "पाव्हणं, चला की. गाडीत जागा हाय." कारखान्यात काम बेताचंच होतं, गेलो.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी सावरून बसलो. एक शेतकरी उठून भर सभेत म्हणाला, "साहेब, माझा प्लॉट डावणीनं गेला. फवारण्या सगळ्या केल्या होत्या." आमच्याकडे असं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑर्डर गमावून बसेल. शास्त्रज्ञांनी औषधाचं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "पाऊस कधी झाला? त्यानंतर पान किती तास ओलं होतं?" गड्याने खिशातून डायरी काढली. पाऊस, दव, फवारणीची वेळ, सगळं तारीखवार.

चहाच्या वेळी दाजींनी उलगडून सांगितलं. डावणी हा बुरशीसारखा रोग. त्याचा तेलकट डाग पानावर दिसतो तोवर लागण होऊन काही दिवस गेलेले असतात. म्हणून डाग मोजून भागत नाही, डाग पडण्याजोगी हवा कधी होती ते लिहून ठेवावं लागतं. शिवाय निर्यातीच्या बागांना नोंदी चुकवून चालत नाही. 2006 साली ग्रेपनेट ही नोंदींची संगणकीय व्यवस्था आली, तेव्हापासून पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. तरी 2010च्या हंगामात सीसीसी या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकलाच. तो फटका दाजी अजून तारखांसकट सांगतात.

माझ्या डोक्यात मात्र आमच्या साच्यांची वाळू फिरत होती. ब्लोहोल म्हणजे कास्टिंगच्या आत गॅसने पडलेलं भोक. तेही असंच उशिरा दिसतं. कास्टिंग मशिनिंगला गेलं, वरचा थर निघाला की भोक उघडं पडतं. तोवर त्या दिवशीची वाळू कशी होती, कुणाला आठवतंय? आमच्या रजिस्टरात रिजेक्शनचे आकडे होते आणि वाळूच्या ओलाव्याची सकाळची एक नोंद, बहुतेक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दुपारपर्यंत तीच वाळू ओतकामातून फिरून गरम होऊन परत येते. गरम वाळूची वाफ गार कोअरवर, पॅटर्नवर धरते. त्याची नोंद कुठेच नव्हती.

परत आल्यावर दर दोन तासांनी ओलावा आणि वाळूचं तापमान लिहायला लावलं, शेजारी त्या ओतीचा हीट नंबर. सुपरवायझर कुरकुरला. पुढे मशिन शॉपमधून परत आलेल्या मालाचे हीट नंबर जुळवले, तेव्हा बरेचसे दुपारच्या गरम वाळूचे निघाले. वाळू गार व्हायला जास्त वेळ मिळेल अशी फिरती बदलली. ब्लोहोल कमी झाले. संपले म्हणणार नाही, कोअरच्या गॅसचं दुखणं वेगळंच आहे.

भर सभेत आपला गेलेला प्लॉट सांगण्याची पद्धत मात्र इकडे आणता आली नाही. आमच्या एमआयडीसीतल्या बैठकीत मी विषय काढून पाहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या, आकडा एकानेही सांगितला नाही. त्यांना तरी काय बोलायचं? तासगावच्या बागेवर डावणी आली तर ती शेजारच्या बागेतही जाते, तिथे लपवून कुणाचंच भलं होत नाही. आम्ही सगळे त्याच दोन-तीन गाडी कंपन्यांच्या ऑर्डरींवर डोळा ठेवून बसलेलो. शेजाऱ्याचं रिजेक्शन वाढलं तर त्याचं काम आपल्याकडे येतं.

दाजींना एकदा आमच्या परिषदेला यायचंय. मी टाळतोय.