भिंतीवरचे पाणअस्वल

पेडगावच्या जुन्या दगडी भिंती पावसाळ्यात हिरव्या होतात आणि फाल्गुन लागला की करड्या पडतात. आम्ही म्हणतो ते शेवाळ विहिरीच्या पायऱ्यांवरचे बुळबुळीत शेवाळ नव्हे. दगडांच्या सांध्यांत लहानशा उशीसारखे वाढते आणि शाळेच्या पुस्तकात ज्याला मॉस म्हणतात, ते हे. परभणीच्या उन्हात ते इतके वाळते की बोटांत चुरडले तर त्याची पूड होते. त्या पुडीत प्राणी निजलेले असतात आणि पाणी मिळताच ते उठून चालू लागतात, ही गोष्ट ऐकणाऱ्याला भाकडकथा वाटावी अशीच आहे.

या प्राण्याचे नाव टार्डिग्रेड. १७७३ साली योहान गोत्स नावाच्या जर्मन पाळकाने त्याचे वर्णन केले. आठ आखूड पायांवर डुलत चालणारा हा जीव त्याला अस्वलासारखा वाटला, म्हणून त्याने त्याला पाणअस्वल म्हटले. पुढे १७७६ साली लाझारो स्पालांझानी या इटालियन कॅथलिक धर्मगुरूने त्याला ‘मंद पावलांचा’ या अर्थाचे नाव दिले व तेच शास्त्रात रूढ झाले. फादर स्पालांझानी यांनी वाळून निष्प्राण झालेले असे जीव पाणी मिळताच हलू लागल्याचे पाहिले होते. मेलेला प्राणी पुन्हा जिवंत होतो काय, हा वाद त्यानंतर युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालला. अखेर १८६० साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांना त्यावर मोठा अहवाल लिहावा लागला.

आमच्या घरी हा वाद आला तो २०२५च्या मे महिन्यात, नातीच्या सुट्टीबरोबर. तिच्यासाठी घेतलेला सूक्ष्मदर्शक साधाच आहे. खाली उजेड घेण्यासाठी आरसा, वर चाळीसपट आणि शंभरपट दाखवणारी भिंगे. या कामाला एवढे पुरते. भर दुपारी भिंत तापलेली असताना आम्ही दोघांनी चमच्याने शेवाळाचा तुकडा खरवडला. शेजारच्या काकूंनी विचारले, “गुरुजी, भिंतीला रंग द्यायचा आहे काय?” आम्ही नुसते हसलो.

शेवाळ कागदाच्या पाकिटात ठेवावे. प्लास्टिकमध्ये ते कुबट होते. बोअरचे क्षारांचे पाणी टाळून साठवलेले पावसाचे पाणी बशीत घ्यावे, त्यात शेवाळ उलटे घालून रात्रभर भिजू द्यावे, सकाळी पिळून काढावे आणि तळाशी बसलेला गाळ थेंबाथेंबाने काचपट्टीवर घ्यावा. पहिल्या चार थेंबांत आम्हाला मातीचे कण आणि चाबकासारखे वळवळणारे सूत्रकृमी दिसले. रोटिफरही होते, तोंडाशी चक्र फिरवल्याचा भास करून देणारे. हौशी माणसाने इथे कंटाळू नये.

पाचव्या थेंबात नात ओरडली, “आजोबा, चालतंय!” खरोखर ते चालत होते. फुगीर, पारदर्शक अंग, पायांना नख्या, डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि पोटात खाल्लेल्या हिरव्याची छटा. लांबी असेल अर्ध्या मिलिमीटरहून कमी. गुळगुळीत काचेवर त्याचे पाय घसरत होते. मातीचा कण सापडताच त्याने तो मिठी मारल्यासारखा धरला. आजीने चष्मा काढून भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, “अगं बाई, हे तर रांगतं बाळ!”

त्याच थेंबात पिंपासारखे आखडलेले दोन लहान गोळे होते. सुकू लागले की पाणअस्वल पाय पोटाशी घेते, अंगातले जवळजवळ सारे पाणी सोडते आणि असा गोळा होऊन राहते. श्वसन-पचन मोजता येणार नाही इतके मंदावते. हे हळूहळू व्हावे लागते. काचेवरचा उघडा थेंब वाऱ्याने झटकन सुकला तर बरेच जीव मरतात. शेवाळाची उशी सावकाश वाळते, म्हणून ती त्यांचे घर. संध्याकाळपर्यंत एका गोळ्याला पाय फुटले. दुसरा तसाच राहिला.

नातीने विचारले, “हा लाझारसारखा उठला ना? मग दुसरा का नाही उठला?”

आम्ही तिला सांगितले की याला पुनरुत्थान म्हणू नये. उठलेला गोळा मेलेला नव्हताच. सुकलेल्या बीसारखा तो थांबला होता. न उठलेला मात्र मेला होता. तिचे समाधान झाले नाही. आजीने “पाण्यात राहू दे त्याला रात्रभर” म्हणून विषय मिटवला. सकाळीही तो तसाच होता.

पाणअस्वल अमर आहे असे आजकाल सर्रास सांगतात. २००७ साली ती अवकाशाच्या पोकळीत दहा दिवस ठेवूनही काही जगली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील भिंतीवरची एक जात घातक अतिनील किरणांतून वाचते, हे २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. शुभांशु शुक्ला २०२५ साली अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा तेथील भारतीय प्रयोगांतही ही होती. परंतु आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो डेन्मार्कमधील २०२०चा प्रयोग. त्यात एका जातीच्या ओल्या, चालत्याफिरत्या पाणअस्वलांपैकी निम्मी ३७ अंशांच्या आसपास एका दिवसात मेली. सुकलेली मात्र ६० अंशांच्या पुढेही दिवसभर टिकली. मराठवाड्याच्या माणसाला दुष्काळाचे भय. या जिवाला खरे भय ओलाव्यातल्या उन्हाचे. पहिल्या सरीने शेवाळ भिजते आणि पाठोपाठ कडक ऊन पडते, ते दिवस त्याच्या कसोटीचे. उन्हाळे असेच वाढत गेले तर भिंतीवरची ही वस्ती कुठवर टिकेल, याची आम्हाला काळजी वाटते.

सुट्टी संपताना नातीने सुक्या शेवाळाचे एक पाकीट कपाटात ठेवले. जपानी शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील गोठवलेल्या शेवाळातून तीस वर्षांनी पाणअस्वले जागी केली, हे तिने वाचले होते. आम्ही सांगितले की ती उणे वीस अंशांत होती. साध्या सुक्या शेवाळात नऊ वर्षांनी अंडी उबल्याची नोंद आहे. तिने बोटांवर हिशेब केला आणि पाकिटावर लिहिले : मे २०३४पूर्वी उघडू नये. आजीने ते मसाल्याच्या पुड्यांपासून दूर, वरच्या कप्प्यात सरकवले.