विडीचा धूर

गिरगांवांतल्या आमच्या चाळींत माजघराला एकच खिडकी आहे. सकाळीं साडेआठच्या सुमारास तिच्यांतून उन्हाची तिरीप आंत येते व तींत धुळीचे कण नाचूं लागतात. मनु व याज्ञवल्क्य यांनीं या कणाला त्रसरेणु म्हटलें व वजनांची गणना तेथून सुरू केली. नैयायिकांच्या मतें तीन द्व्यणुकांचा, म्हणजे सहा परमाणूंचा, एक त्रसरेणु होतो. हें आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. पण डोळ्यांस दिसणारी ही पहिली वस्तु एकटी नसून जमाव आहे, हें आमच्या ध्यानांत कधीं आलें नाहीं.

१९८१ सालची गोष्ट. आमचा विषय संस्कृत. परंतु विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले कीं त्यांचाही तास आमच्या गळ्यांत पडे. त्या दिवशीं आकाश निळें कां दिसतें, हा पाठ होता. तरंगलांबीहून फार लहान असलेले कण तांबड्यापेक्षां निळा प्रकाश सुमारें सहापट अधिक विखुरतात, हा रॅले यांचा १८७१ सालचा नियम आम्ही पाठ करून गेलों होतों. इतक्यांत लालबागच्या एका गिरणीकामगाराचा मुलगा उभा राहिला.

"सर, बाबांच्या विडीच्या टोकाचा धूर निळा दिसतो आणि तोंडांतून सोडलेला पांढरा. धूर तर तोच ना?"

वर्ग हंसला. विडीचें नांव ऐकून आमचा पारा चढला, आणि खरें सांगावयाचें तर उत्तरही ठाऊक नव्हतें. आम्हीं त्यास तासभर बाकावर उभें केलें. जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो मुलगा आला नाहीं.

गेल्या दिवाळींत धाकट्या बंधूंची नात पुण्याहून आली. ती अशाच कणसमूहांचें गणित संगणकावर मांडते. आम्हीं तिला विडीचा प्रश्न घातला. कोणाचा, तें सांगितलें नाहीं. ती म्हणाली, "आजोबा, टोकाशीं कण अतिसूक्ष्म असतात, म्हणून निळे. छातींत ते ओलावा घेतात, एकमेकांस चिकटतात, मोठे होतात. मग सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात."

पण गुच्छाचें गणित म्हणजे सुट्या कणांची बेरीज नव्हे, असें ती म्हणाली. दहा अतिसूक्ष्म कण दूरदूर असले तर प्रकाश एकाच्या दसपट विखुरतो. तेच चिकटले, आणि गुच्छही तरंगलांबीहून पुष्कळ लहान राहिला, तर जवळजवळ शंभरपट! गुस्टाफ मी यांनीं १९०८ सालीं एका गोल कणाचें गणित पुरतें सोडविलें. वेड्यावांकड्या गुच्छास तें लागेना. १९७३ सालीं पर्सेल व पेनीपॅकर यांनीं युक्ति काढली. गुच्छाच्या जागीं पुष्कळ बिंदु कल्पावयाचे. प्रत्येक बिंदु बाहेरच्या प्रकाशानें हालतो, आणि इतर सर्व बिंदूंकडून येणाऱ्या तरंगांनींही हालतो. हें सर्वांचें हालणें परस्परांशीं जुळेपर्यंत संगणक फेऱ्या घालीत राहतो. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हें अधिक फोडून सांगावयास नको. बाहेरची बातमी घरांत आली कीं प्रत्येक जण ती ऐकतो, आणि तिच्यावर जाऊबाई काय म्हणाल्या तेंही ऐकतो. पुण्याच्या आयुका संस्थेंत असतांना रंजन गुप्ता यांनीं वैद्य यांच्यासह ताऱ्यांमधल्या धुळीच्या मिश्र कणांचें गणित याच रीतीनें केलें आहे.

शेवटीं आम्हीं तिला प्रश्न कोणाचा तें सांगितलें. बाकाचीही हकीकत सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. वहीच्या समासांत तिनें प्रश्न उतरून घेतला व मुलाचें नांव विचारलें. तें आम्हांस आठवलें नाहीं.