हे म्हणणे खरे आहे की...

कोर्टाचा प्रवेश लिहायला घेतला की मला अजूनही आधी सुचतं ते वकिलाचं टाळीचं वाक्य. सुचलं की मी खूश होतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या वाक्यावर प्रेक्षागृह दणाणावं असं न वाटणारा नाटककार मला भेटायचाय. पण विषय विषमतेचा असला की घोडं अडतं ते साक्षीदाराच्या उत्तरापाशी. उलटतपासात बाई आपल्या बोलीत रडत, अडखळत दहा वाक्यं बोलते. न्यायाधीश त्यातून एक वाक्य काढून स्टेनोला सांगतात : ‘हे म्हणणे खरे आहे की, माझे पती दारू पीत असत.’ का पीत असत, ते गळतं. लिहिलेलं काहीच खोटं नसतं, आणि पुढे अपिलात बोलतं ते एवढंच वाक्य. माझ्या मते निकालाच्या कितीतरी आधी अन्याय इथे होऊन जातो. तो रंगमंचावर दाखवायचा कसा, हे कोडं मला सुटलेलं नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाने (2014) ते पडद्यावर बरंचसं सोडवलं. एका शाहिरावर खटला आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवरा पिऊनच उतरायचा, कारण वास सोसवत नसे; आत हवा आहे का हे झुरळांवरून ताडायचा; अंगावर संरक्षक साधन काही नसायचं. हे सगळं ती सपाट आवाजात सांगते. कॅमेरा हलत नाही, संगीत येत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्यायला सांगितलं. 2023 मध्ये हा आकडा 30 लाख झाला. पण मेला तो गटाराच्या विषारी वायूने की स्वतःच्या मर्जीने, हे कागदावर काय उतरलं त्यावर ठरतं. चित्रपटातली सरकारी वकील कलमं एका सुरात वाचत जाते तेव्हा प्रेक्षक कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यातच त्याला कळतं की तारखेमागून तारीख पडणं हीच एक शिक्षा आहे.

यावर कुणी म्हणेल, नाटक म्हणजे कोर्टाचं दप्तर नव्हे, प्रेक्षकाला उद्रेक हवाच. मान्य. विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) आरोपी ठरवलेल्या बेणारेला भलंमोठं स्वगत दिलं आहेच. पण ते कुठे ठेवलं आहे पाहा. कोर्ट तिला मोजून दहा सेकंद देतं, बाकीची पात्रं थिजतात, आणि स्वगत संपल्यावर तिने तोंडच उघडलं नव्हतं अशा थाटात शिक्षा सुनावली जाते. प्रेक्षकाने सगळं ऐकलं, कोर्टाच्या दप्तरी शून्य. त्या जागेचा मला हेवा वाटतो. तिची नक्कल करणाऱ्या नंतरच्या कित्येक नाटकांनी स्वगत तेवढं उचललं आणि भोवतालचा बहिरेपणा सोडून दिला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ‘जय भीम’सारख्या (2021) तमिळ चित्रपटाने कोठडीतल्या मृत्यूचा विषय घराघरांत नेला, मग लढाऊ वकील नायक असला तर बिघडलं कुठे? बिघडलं काहीच नाही, त्यामागे खरा खटला आणि खरा वकील आहे. मात्र नायक जिंकला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चांगला वकील मिळाला की कायदा नीट चालतो असं समजून घरी जातो. ज्यांना तो मिळत नाही, त्यांची गोष्ट तिथे सुरूच होत नाही.

कलेने कायदा कुठे बदलतो, असंही विचारतात. मथुरा नावाच्या मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा तर्क लावून. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकालाची वाक्यं एकेक करून तपासली आणि मुकाट सोसणं व संमती यांतला फरक न्यायालयाला दाखवला. त्यातून आंदोलन उभं राहिलं, आणि 1983 मध्ये कायदा बदलला : पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात संमती नव्हती असं बाई सांगत असेल, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. हे काम वाचनाचं होतं, म्हणजे लेखकाचंच. म्हणून माझ्या धंद्यातल्या मंडळींना एवढीच विनंती : पुढचा कोर्टाचा प्रवेश लिहिण्याआधी एखाद्या खऱ्या साक्षीची नक्कल मिळवा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. कंटाळा येईल. तो प्रवेशातून गाळू नका.