गावाची हरकत

परिषदा भरविणे हा आपल्या काळाचा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे. पूर्वी देवळात कीर्तन झाले नाही असा महिना जात नसे. आता कोणत्या ना कोणत्या विषयावर परिषद भरली नाही असा आठवडा जात नाही. कीर्तन आणि परिषद यांत साम्य एवढेच की, दोन्ही ठिकाणी ऐकलेले बहुधा तेथेच राहते. भेद असा की, कीर्तनाच्या शेवटी प्रसाद तरी सर्वांस सारखा मिळतो. परिषदेतील शाल आणि श्रीफळ ही व्यासपीठाच्या खाली सहसा उतरत नाहीत. म्हणून कृष्णाकाठच्या आमच्या भागातील नगराध्यक्ष, नगरसेवक आणि आसपासच्या गावांचे सरपंच यांची ‘नियोजनापुढील आव्हाने’ या विषयावर एक दिवसाची परिषद भरणार असल्याचे निमंत्रण आम्हांस आले, तेव्हा घरात त्याचे स्वागत बेताचेच झाले. “जेवण तरी बरे असेल,” एवढाच अभिप्राय आमच्या गृहिणीने दिला. परंतु ज्या विषयाची पोपटपंची आम्ही गेली तीस वर्षे महाविद्यालयात करीत आलो, तो विषय प्रत्यक्ष ज्यांच्या गळ्यात पडला आहे ती माणसे त्यासंबंधी काय बोलतात हे ऐकण्याची उत्सुकता आम्हांस होती, आणि म्हणून आम्ही गेलो.

सकाळच्या समारंभाविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आणि सत्काराला उत्तर यांत साडेअकरा वाजले. ‘आव्हाने’ हा शब्द मात्र इतक्या वेळा कानावर पडला की, त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या वाडवडिलांना अडचणी असत. आपल्याला आव्हाने असतात. हा केवळ शब्दांचा पालट नव्हे. अडचण सांगितली की ऐकणारा ती कशी दूर करावयाची असे विचारतो. आव्हान म्हटले की ऐकणारा टाळ्या वाजवितो. गावास पाणी एक दिवसाआड येते ही अडचण; ‘जलव्यवस्थापनाचे आव्हान’ म्हटले की तीच गोष्ट कोणाच्याही अंगाला चिकटत नाही.

खरी परिषद दुपारी सुरू झाली. नगररचना खात्यात अनेक वर्षे काढलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी विषयाची मांडणी केली, आणि ती आम्हांस फार आवडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याने सरकारास दाट वस्तीची भीती घातली, आणि १८९८ साली मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा होय. त्याची रीत मोठी शहाणपणाची होती. एका टापूतील सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन ज्याची त्याला, थोडी कमी पण नीट आकाराची करून परत द्यावयाची; रस्त्यामुळे जमिनीची जी किंमत वाढली, तीतून खर्चाचा काही वाटा मालकाकडून घ्यावयाचा. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे भाग पाडले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने शहराच्या बाहेरील प्रदेशही नियोजनाच्या कक्षेत आणला. गुजराथने ती जुनी रीत नेटाने चालू ठेवली. आपल्याकडे ती मागे पडली आणि अलीकडे काही ठिकाणी तिची पुन्हा आठवण होऊ लागली आहे. मधल्या काळात आपला सारा भरवसा ‘आरक्षण’ या एका शब्दावर राहिला.

हे आरक्षण म्हणजे काय, ते एका नवनिर्वाचित नगराध्यक्ष बाईंनी फार नेमके सांगितले. राजकारणात येण्यापूर्वी त्या शिक्षिका होत्या, हे त्यांच्या बोलण्यातील स्पष्टतेवरून आम्ही आधीच ताडले होते. त्या म्हणाल्या, “आराखड्यावर आमच्या गावात बागा आहेत, क्रीडांगणे आहेत, भाजी मंडई आहे. गावात मात्र यांतले काही नाही. जमीन घ्यायची म्हटले तर पालिकेचे वर्षाचे उत्पन्न एका बागेला पुरणार नाही. दहा वर्षे झाली की जमीनमालक नोटीस देतो, मुदतीत आम्ही काही करू शकत नाही, आणि बाग कागदावरूनही जाते. मग आम्ही नियोजन करतो ते कशाचे?” त्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती. १९६६ च्या कायद्याचे १२७ वे कलम तसेच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यापुढील मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप सुटते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आवश्यकच आहे. परंतु ज्या पालिकेच्या तिजोरीत पैसा नाही, तिच्या हाती ते आराखडा पुसण्याचे रबरच होऊन बसते.

यानंतर मागच्या रांगेतून एक वयोवृद्ध सरपंच उठले. आसपासची मंडळी त्यांना आबा म्हणत होती. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला नाही, आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. भिंतीवर एका नगराच्या हद्दवाढीचा नकाशा टांगला होता, त्याकडे बोट करून ते म्हणाले, “साहेब, ह्यात आमचा ओढा कुठं हाय?”

सभागृहात थोडे हसू उमटले. साहेबांनी मात्र ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी नकाशा जवळून पाहिला आणि सांगितले की, महसुली गावनकाशात ओढा असेल, पण या नकाशात त्या जागी अठरा मीटरांचा रस्ता दाखविलेला दिसतो. आबा म्हणाले, “मग पावसाळ्यात पाणी रस्त्यानं येणार म्हणा की!” या वेळी कोणी हसले नाही.

न हसण्याचे कारण त्या सभागृहातील प्रत्येकास ठाऊक होते. २००५ साली कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापुराकडील मुलूख बुडविला. २०१९ च्या ऑगस्टात त्याहून भयंकर प्रकार झाला. आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, त्या वेळी घाटाखाली वाशिष्ठीने चिपळूणही सोडले नाही. नदीच्या पुराला दोन रेषा नेमून दिलेल्या आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकामास मनाई, आणि निळी व लाल यांच्या दरम्यान निर्बंध. नियम उत्तम आहे. परंतु रेषा काढणारा पाटबंधारे खात्याचा, ती आराखड्यावर उतरविणारा नगररचनेचा, परवाना देणारा पालिकेचा आणि जमीन बिगरशेती करणारा महसुलाचा, असे चौघे चार कचेऱ्यांत बसलेले असतात. पाणी मात्र एकच असते, आणि ते कोणत्याही कचेरीची परवानगी विचारीत नाही. शिवाय या रेषा मोठ्या नद्यांच्या आहेत. आबांच्या ओढ्यासारखे जे शेकडो ओढे पावसाचे पाणी नदीपर्यंत नेऊन पोहोचवितात, त्यांची दखल घेणारा कोणी नाही. ओढा बुजवून त्यावर गुंठा-गुंठा जमीन विकली जाते. गरजवंत माणूस ती घेतो, कारण परवानगीची जागा त्याला परवडत नाही. आणि पुढे ती वस्ती नियमित करावी लागते. गुंठेवारीचा कायदा २००१ साली झाला, आणि त्याची मर्यादा २०२१ साली दुरुस्तीने वाढवून २०२० च्या अखेरीपर्यंत आणावी लागली. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर काढून घ्यावे असे कोणताही सहृदय मनुष्य म्हणणार नाही. परंतु अधिकृत झालेल्या घरातही ओढ्याचे पाणी शिरावयाचे ते शिरतेच, हेही विसरून चालत नाही.

आता या सर्वास उपाय काय? परिषदेतील बहुतेक वक्त्यांचे उत्तर ‘अधिकार आणि निधी’ असे होते, आणि ते अर्धे खरे आहे. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात अठरा विषय लिहिले, आणि त्यांतला पहिलाच नगरनियोजनाचा आहे. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सभासद पंचायती व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे, असेही घटनेत लिहिले आहे. पण २०२२ च्या सुमारास आपल्याकडील कित्येक नगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका लांबत गेल्या; नगरपरिषदांच्या निवडणुका व्हावयास २०२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. जेथे निवडून आलेले सभासदच नव्हते, तेथे त्यांनी आपल्यातून कोणास निवडावयाचे? तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. काहींनी तो चांगला पाहिला असेलही. परंतु प्रशासकाला गाव हे बदलीच्या वाटेवरील एक मुक्काम असते, आणि ओढा कोठे होता हे मुक्कामाला आलेल्यास कोण सांगणार?

आमच्या मते उरलेले अर्धे उत्तर मात्र अधिकारांत नाही आणि निधीतही नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. हा कायद्यातील सर्वांत लोकशाही भाग होय. अशा सुनावण्या आम्ही कुतूहलाने पाहिल्या आहेत. तेथे गर्दी मावत नाही, वकील येतात, नकाशे येतात. पण प्रत्येक हरकत एकाच जातीची असते: माझ्या जमिनीवरून रस्ता नको, तो शेजाऱ्याच्या जमिनीवरून न्या, माझ्या तुकड्यावरील शाळा उठवा. आपल्या मालमत्तेचे रक्षण करणे गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. पण शेकडो हरकतींत ‘या वॉर्डात मुलांना खेळावयास जागा का नाही?’ किंवा ‘ओढा कोठे गेला?’ अशी एखादी तरी असावी की नाही? माणसामाणसांच्या हरकती पुष्कळ येतात. गावाची हरकत कोणीच घेत नाही. आणि जी हरकत कोणी घेतली नाही, तिची सुनावणी तरी कोण करणार?

ही उदासीनता आपल्या रक्तातलीच आहे असे मात्र कोणी समजू नये. १८७६ साली जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. १९२४ ते १९२८ या काळात वल्लभभाई पटेल अहमदाबादेचे नगराध्यक्ष होते. गटारे आणि नळ यांचा विचार करणे या थोर पुरुषांना हलके वाटले नाही. हलके वाटू लागले ते आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाला. दिल्लीत काय घडले यावर आपल्या दिवाणखान्यांत तासन् तास वाद होतो. परंतु आपल्या घराच्या मागची मोकळी जागा आराखड्यात कोणत्या रंगाची आहे हे विचारले, तर शंभरांत पाच जणांनाही सांगता येणार नाही.

पॅट्रिक गेडीज हा स्कॉच पंडित १९१४ साली या देशात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपले घुर्ये त्याचेच शिष्य. नकाशा काढण्यापूर्वी गावातील गल्ल्या पायांनी तुडविल्या पाहिजेत, आणि जेथे चाकू चालेल तेथे कुऱ्हाड चालवू नये, हा त्याचा आग्रह होता. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने १९१८ साली अहवाल लिहिला. पण त्या काळात त्याने तेथे दिवाळीच्या सुमारास काढविलेली मिरवणूक आम्हांस अहवालापेक्षाही अधिक बोलकी वाटते. ज्या आळ्या अधिक स्वच्छ होतील त्यांवरून मिरवणूक जाईल असे त्याने जाहीर केले, आणि नगरात सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते, आणि झाडूवाल्यांना मानाचे स्थान होते. त्या गृहस्थाने लोकांना आव्हानांवर व्याख्यान दिले नाही. गाव हे आपले आहे एवढेच त्याने त्यांच्या मनावर ठसविले.

परिषदेने सायंकाळी सहा ठराव संमत केले. त्यांतील पाच शासनाकडे मागणी करणारे होते, आणि मागण्या रास्तच होत्या. सहावा ठराव त्या शिक्षिका-नगराध्यक्षांनी मांडला: प्रत्येक नगरपालिकेने आराखड्याचा मसुदा मराठीत, मोठ्या आकारात, बाजाराच्या दिवशी चौकात लावावा, आणि तो छापण्यापूर्वी गावातील म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन सर्व ओढे एकदा चालून पाहावेत. या ठरावाला एका पैचा निधी लागत नाही, कोणत्या नव्या अधिकाराची जरूरी नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्यावर चर्चाही झाली नाही. आमच्या दृष्टीने मात्र त्या दिवसाची कमाई तीच.

कारण नियोजन म्हणजे शेवटी काय? आपण गेल्यावर या गावात जे राहणार आहेत, त्यांच्या वतीने आज बोलणे. त्यांना सुनावणीस येता येत नाही, त्यांचा वकील नाही, आणि त्यांच्या नावावर अजून सातबारा निघालेला नाही. त्यांची हरकत नोंदवावयाची तर ती आपणच नोंदविली पाहिजे. नगराध्यक्षांनी आणि सरपंचांनी ती नोंदवावीच. पण ज्यांना लिहिता-वाचता येते, नकाशा उलगडता येतो, आणि संध्याकाळी तासभर फुरसत असते, त्यांना या कर्तव्यातून कोणी माफी दिली आहे असे आम्हांस वाटत नाही.