खरवड

मे 2021 मध्ये मला कोरोना झाला. चौदा दिवस माडीवरच्या खोलीत काढले आणि बरा होऊन भट्टीवर उभा राहिलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दूध लागलं. लागलं हे मला भाच्यानं सांगितलं. मी कढईसमोर, हातात उलथनं, तोंडावर वाफ, आणि तो मागच्या दारात डबे विसळता विसळता ओरडला, "मामा, लागतंय की!" दहा हातांवरच्या पोराला जे कळलं ते दीड हातावरच्या मला कळलं नाही. कढई उतरवली, दूध चाखलं. जिभेला नुसता उष्ण ओलेपणा लागला. वास गेला होता, आणि त्याच्यामागून चवही गेली होती.

भट्टी शिरोळला, दुकान नरसोबाच्या वाडीला. एकेचाळीस वर्षं बासुंदी, पेढे आणि कवठाच्या दिवसांत बर्फी करतो आहे. वडील हेच करत. त्या मे महिन्यात देऊळ बंद होतं, वाडीत चिटपाखरू नव्हतं, पण म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. गवळ्यांचे कॅन येत होते, ते परत कसे पाठवायचे? म्हणून भट्टी चालू होती.

लागणं म्हणजे काय हे धंद्यातल्याला सांगायला नको. पण लागणं आणि करपणं यांच्यामध्ये जी जागा आहे तिच्याविषयी आम्ही एकमेकांशीही फारसं बोलत नाही. बुडाला थर धरतो तो आधी पांढरा, मग बदामी. बदामी आहे तोवर ती खरवड. ती वेळेत सोडवून दुधात फिरवली की बासुंदीला रंग येतो आणि घोट गिळल्यावर मागं राहणारी चव येते. एक पाऊल पुढं गेलं की करपलं. मग ते चाळीस लिटरांत नखाएवढं असलं तरी सगळ्या कढईत उतरतं. जो भिऊन लवकर उतरवतो त्याची बासुंदी नुसती आटवलेलं दूध असते. त्या एका पावलाच्या अलीकडं, पण अगदी अलीकडं, थांबायचं असतं.

ते मला नाकानं कळायचं. करपल्याचा वास आला म्हणजे वेळ गेलेली असते. त्याच्या आधी, दहा-पंधरा हात उलथनं फिरेल इतकं आधी, एक वेगळा वास येतो. तो कसा हे मी भाच्याला सांगायचा फार प्रयत्न केला. कधी म्हणालो, तव्यावर टाकल्या टाकल्या भाकरीचा येतो तसा. कधी म्हणालो, बाळाच्या टाळूला तेल घातल्यावर येतो तसा. दोन्ही चूक. ऊसतोडीच्या दिवसांत म्हशी उसाच्या वाड्यावर असतात तेव्हा तो गोडसर येतो. पावसाळी हिरव्या चाऱ्याचं दूध पातळ, त्याचा वास उशिरा आणि अंधूक येतो. एखाद्या कॅनमधून नुकत्या व्यालेल्या म्हशीचं दूध आलं असेल तर तो येतच नाही, दूध सरळ बुडाला धरतं. भाच्यानं डेअरीचा डिप्लोमा केला आहे. तो म्हणतो, सत्तर अंशांच्या पुढं निवळीतलं प्रथिन उलगडतं आणि लोखंडाला चिकटतं. बरोबरच असेल. चिकटायला लागलं हे कळतं कशानं, एवढंच मी आयुष्यभर शोधत होतो.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. देवाच्या फुलाचा वास घेऊ नये, नैवेद्याचाही घेऊ नये, असं आमच्या घरी होतं. चाखायचा तर प्रश्नच नव्हता. काकड आरतीला निघालेल्यांच्या चपला रस्त्यावर वाजायला लागल्या की वडील जाळ घालत. त्या पहिल्या कढईतलं पातेलंभर देवाच्या नावानं बाजूला निघे. त्या कढईवर मी वाकलो की आई म्हणायची, "वास घेऊ नको रे, देवाचं आहे." वडील तोंडाला उपरण्याचा पदर बांधत. मी समजत होतो दुधात घाम पडू नये म्हणून. त्यांची पहिली कढई कधीकधी फिकी उतरायची आणि दुसरी चोख. मला वाटायचं, देवाला फिकी आणि गिऱ्हाइकाला चोख, हा कुठला न्याय! ती फिकी का व्हायची हे कळायला मला पन्नाशी यावी लागली. ते पहिल्या कढईला नाक वापरतच नव्हते.

भट्टी माझ्या हाती आली तेव्हा मी पदर बांधला नाही. माझ्या नाकाचा मला गर्व होता. गुरुवारी, पौर्णिमेला दुकानाच्या मागं कढई चढायची आणि लोक बघायला थांबायचे. तेव्हा मी डोळे मिटून उभा राहायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती. लोक म्हणायचे, यांच्या नाकात दत्त बसलाय. मी मान हलवून नाही म्हणायचो आणि तेच वाक्य दिवसभर मनात घोळवायचो. देवळात हात जोडून उभा असतानाही मला ते आठवायचं.

जूनच्या शेवटी वास परत यायला लागला, पण वेडावाकडा. चहा, साबण, नातवाचं डोकं, सगळ्याला जळक्या डिझेलचा वास. दुधालाही तोच. करपण्याची चाहूल लागावी म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला सगळं जगच करपल्यासारखं यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना होतं, वेळ लागेल. मग जुलैत पूर आला. 2005 चा पाहिला होता, 2019 चा पाहिला होता. दोन वर्षांत पुन्हा. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर ढोपरभर गाळ. सडलेल्या गाळाला काय घाण येते हे कृष्णाकाठच्या माणसाला ठाऊक आहे. सगळे तोंडाला फडकी बांधून, ओकाऱ्या काढत खोरी मारत होते. मी एकटा उघड्या तोंडानं. आधी माझं दुकान उपसलं, मग शेजारच्याचं, मग ज्याच्याशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं त्याचं. त्याची बायको पायरीवर बसून रडत होती, कारण तिला आत जाववेना. मी दोन दिवस तिथं होतो. त्या दोन दिवसांत एकदाही मला माझं नाक आठवलं नाही.

पुण्याहून आलेले एक भक्त तेव्हा म्हणाले, महाराजांनी तुमचा वास स्वतःकडं घेतला. भल्या मनानं म्हणाले. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीतली सहा माणसं गेली. ती कोणी घेतली? महाराज अशी देवाणघेवाण करत बसत असतील तर मला त्यांच्या पायरीवर डोकं ठेवता येणार नाही. वाडीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. दत्तावतार मानलेले नृसिंह सरस्वती बारा वर्षं इथं राहिले आणि गाणगापूरला निघून गेले. मागं पावलं राहिली. पावसाळ्यात कृष्णा चढते, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, आणि लोक त्या पाण्यात अंघोळीला धावतात. गेलेल्या माणसाच्या पावलांची रोज तीन त्रिकाळ पूजा करणारं हे गाव. इथं कुणी काही घेतलं म्हणून सांगू नये.

या सगळ्यात एक जुनी गोष्ट वर आली. 2016 चं कन्यागत पर्व. बारा वर्षांनी येणारं. वाडीत मुंगीला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्याकडून चाळीस लिटरांची कढई लागली. मला वास आला होता. वेळेत आला होता. पण समोर पंचवीस माणसं बघत होती, माझे डोळे मिटलेले होते, आणि मी आणखी दोन-चार हात ताणून धरलं, बघणाऱ्यांसाठी. करप फार नव्हता. जायफळ जास्त घातलं, वेलदोडा घातला, थंड केली आणि विकली. कुणी नाव ठेवलं नाही. एका म्हातारबाबांनी देवळात नैवेद्य दाखवून परत येऊन माझा हात धरला, म्हणाले अशी बासुंदी बारा वर्षांत खाल्ली नव्हती. मी आपल्या हातावर त्यांचा हात तसाच राहू दिला. हे मी आजपर्यंत घरातही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून पावडर घालणाऱ्यांना नावं ठेवताना माझा आवाज हल्ली पूर्वीसारखा चढत नाही. तरी ठेवणार. दुधाची पावडर, कॉर्नफ्लोअर, वरून केशराचा इसेन्स, आणि फलकावर 'वाडीची प्रसिद्ध'. दाटपणा येतो, पण चमचा उलटा केला की गोळा पडतो. बासुंदी अशी पडत नाही. वाफेच्या दुहेरी भिंतीच्या भांड्यांचं वेगळं आहे. ती स्वच्छ, खांद्याला सुख देणारी, आणि त्यांच्यात दूध सहसा लागत नाही. भाचा तीन वर्षं त्यांच्या मागं आहे. माझा उजवा हात आता कानाच्या वर जात नाही, तेव्हा त्याचंच बरोबर. पण जिथं लागण्याची भीतीच नाही तिथं खरवडही नाही. तिच्यावाचून केलेल्या बासुंदीला मी वाईट म्हणत नाही, मला ती परक्या घरची वाटते.

भाचा देवळात जात नाही. वाडीत राहून पौर्णिमेलाही नाही. मला ते लागायचं. त्याला शिकवताना मी काकड आरती, आई, पदर, सगळं सांगायचो आणि तो कानातली वायर काढून "बरं मामा" म्हणायचा. पण कढई तो घासतो तशी मी कधी घासली नाही. राखेनं, मग विटकरीनं, मग बूड उन्हाकडं धरून तिरपं बघतो, एक ठिपका दिसला तर परत. कुरुंदवाडला गणपतीत पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. तिथले पेढे आमच्याकडून जातात, ते तोच पोचवतो आणि रात्री आरती होईपर्यंत तिथंच थांबतो. भरपूर जैन गिऱ्हाइकं आहेत आमची. पर्युषणात त्यांचा माल सूर्य बुडायच्या आत घरी पोचला पाहिजे म्हणून तो त्या दिवसांत जेवण सोडून गाडी काढतो. मी कधी तसं सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "त्येंचा नेम हाय, आपल्यामुळं मोडाय नको."

एकदा खिद्रापूरला कोपेश्वराला घेऊन गेलो त्याला. स्वर्गमंडपाच्या छताला ते गोल उघडं आकाश, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती 48 खांब. मी वर बघत होतो. तो वाकून शिळेवर तळहात फिरवत होता, कढईच्या बुडावर फिरवतो तसा.

आता वास बराचसा आला आहे. डिझेल गेलं. भाकरी भाकरीसारखी, चहा चहासारखा. फक्त तो एक वास आला नाही. करपल्याचा येतो, त्याच्या आधीचा येत नाही. कढईसमोर हात माझा आणि नाक त्याचं अशी आमची वाटणी झाली. मी उलथनं फिरवतो, तो शेजारी उभा राहून म्हणतो, "आलं." तीन वर्षं रोज. पहिल्या वर्षी तो शब्द ऐकला की माझ्या पोटात मत्सर उठायचा. खोटं कशाला लिहू?

गेल्या मार्गशीर्षात तो चार दिवस सासरवाडीला गेला. मी एकटा होतो. पहिल्याच पहाटे मी वडिलांसारखा तोंडाला पदर बांधला, कारण नाकाचा भरवसा धरला असता तर हात ऐकला नसता. बुडावर उलथनं नितळ सरकतं तेव्हा लोखंडाचा आवाज असतो. थर धरायला लागला की तो आवाज बोथट होतो, आणि मनगटाला जरा अडखळल्यासारखं होतं. खळखळीचे बुडबुडे मोठे होऊन फदफद करायला लागतात. वडिलांकडं एवढंच असणार. मी भ्यालो आणि लवकर उतरवली. चारही दिवस फिकी उतरली. भाच्यानं परत आल्यावर वाटी तोंडाला लावली आणि म्हणाला, "मामा, लवकर काढली व्हय?"

तेव्हापासून पहिल्या कढईला मी पदर बांधतो आणि त्याला बोलू देत नाही. मी उतरवतो तेव्हा तो फक्त सांगतो, किती हात राहिले होते. पहिल्या आठवड्यात चाळीसच्या खाली नाहीच. काल पहाटे कढई खाली ठेवून मी त्याच्याकडं बघितलं.

"वीसेक," तो म्हणाला.

मी पातेलंभर बाजूला काढलं आणि दुसरी कढई चढवली.